मी न वाचलेला कागद

"वकील कशाला पायजे वैनी? घरात एवढी शिकलेली पोर बसलीया की."

हे मी चुलीपाशी बसून ऐकलं. येसराच्या मसाल्यासाठी हरभऱ्याची डाळ भाजत होते. धूर डोळ्यांत जात होता आणि ओसरीवरचं बोलणं भिंतीआडून तुकड्यातुकड्यानं येत होतं. बोलणारे आप्पाकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ऐकणारी माझी आई. तिचं माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, कानडी बोलणाऱ्या मुलखातलं, म्हणून मी तिला अव्वा म्हणायची. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. ते येडशीच्या स्टेशनात मालबाबू, म्हणजे मालाच्या पावत्या करणारे कारकून होते. ते गेल्यावर रेल्वेची खोली सोडावी लागली आणि आम्ही मायलेकी दोन ट्रंका आणि एक शिलाईचं मशीन घेऊन तेरला काकांच्या घरी आलो होतो. शिकलेली पोर म्हणजे मी. त्या एका वाक्यावर पुढचं सगळं घडलं, आणि आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी माझे कान तापतात. काकांच्या कपटाचा राग येतोच, पण त्या वाक्यात माझं जे कौतुक होतं त्याचा जास्त येतो, कारण ते मला त्या क्षणी आवडलं होतं.

विषय तेरणेच्या काठच्या मळ्याचा होता. बाबांनी तो हयातीत विकत घेतला आणि अव्वाच्या नावानं करून ठेवला. मळ्यात पाण्याची विहीर होती, विहिरीशेजारी दोन खोल्या होत्या, आणि पावसाळा सरला की त्या खोल्या झाडून-सारवून आम्ही तिथं राहायला जायचं, असं ठरलं होतं. मळा कसायचे काका. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण आता काकांचं म्हणणं असं, की जमिनीचा सारा भरायला गेलं की कचेरीतली माणसं अडवतात. "म्हणत्यात, जिच्या नावावर हाय त्या बाईला घेऊन या. आता तुम्ही कुठं येणार वैनी, त्या गर्दीत? म्हणून म्हणतो, माझं नाव लावून ठेवू. नुसतं सारा भरण्यापुरतं. मळा तुमचाच, खोल्या तुमच्याच, विहिरीतला बेडूकसुद्धा तुमचा!"

काकांना असं बोलता यायचं. बेडकावर सगळे हसले. अव्वा हसली नाही. ती उंबऱ्याच्या आत पदर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "ते सांगून गेलेत भाऊजी, कुठं अंगठा द्यायची पाळी आली, तर आधी वकिलाला दाखव."

त्यावर काकांचं ते वाक्य आलं. आणि पाठोपाठ हाक, "गिरजे, ये गं भाईर. मुन्शीजींनी कागद आणलाय. वाच अन् सांग तुझ्या आईला."

मुन्शीजी हा उस्मानाबादला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज-कागद लिहून देणारा माणूस. बारीक, पांढऱ्या मिश्यांचा, कानावर कलम. त्यानं कागद माझ्या हातात दिला. कागद उर्दूत होता.

आता हे सांगायला हवं की आमच्या त्या घरात किती भाषा नांदत होत्या. अव्वा रागावली की कानडीत, लाडात आली की कानडीत, बाकी मराठीत. गाव मराठी. बाबांची रेल्वे इंग्रजांची, तिच्या पावत्या आणि तारा इंग्रजीत. आणि निजामाचं राज्य, म्हणून कचेरी, कोर्ट, साऱ्याच्या पावतीपासून समन्सापर्यंत सगळं उर्दूत. बाबा स्टेशनात इंग्रजी कागदांमध्ये वावरले, म्हणून त्यांना वाटलं की मुलीला इंग्रजी आलं की तिचं कुठं अडणार नाही. त्यांनी मला सोलापूरला मिशनच्या शाळेत घातलं. मला डॅफोडिलच्या फुलावरची कविता पाठ होती. डॅफोडिल मी अजूनही पाहिलेलं नाही. जिथं राहत होते, जिथं आमची जमीन होती, तिथल्या सरकारी कागदातलं एक अक्षर मला लावता येत नव्हतं. काकांना हे माहीत नव्हतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. शाळा शिकलेल्या माणसाला सगळंच वाचता येतं, अशी गावातल्या पुष्कळांची समजूत होती. डाकेतून आलेलं काहीही, कुठल्याही लिपीतलं, लोक माझ्यापुढं धरायचे आणि मी "हे उर्दू आहे, मला येत नाही" म्हटलं की तोंडं अशी पाडायचे, जणू मी त्यांना फसवलं. त्या निराशेची मला भीती बसली होती. मी मुळात बोलण्यात कच्ची. सोलापुरात इंग्रजीत गप्प राहायची, तेरला मराठीत.

ओसरीवर काका, मुन्शीजी, शेजारचे दोघं साक्षीदार म्हणून बोलावलेले. सगळे माझ्याकडं बघत होते. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मडम, उलटा तर धरला न्हाय न्हवं?" पुन्हा सगळे हसले. आणि मला खरोखर कळत नव्हतं की कागद सुलटा आहे की उलटा. मी ओळींवरून डोळे फिरवले. अगदी सावकाश, वाचतेय असं दिसावं म्हणून मध्ये एकदा थांबले, पुन्हा मागं गेले. डोळे डावीकडून उजवीकडं फिरवत होते. उर्दू उजवीकडून डावीकडं वाचतात. एवढंही मी विसरले. मुन्शीजी समोर बसला होता आणि त्याची नजर माझ्या बुबुळांवर होती. आयुष्यभर कागद वाचणारा माणूस तो. त्याला पहिल्या ओळीलाच कळलं. त्यानं खाली बघून मिश्यांवरून बोट फिरवलं.

"बरोबर हाय न्हवं?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

अव्वानं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिच्या नजरेत शंका नव्हती, अभिमान होता. मग तिनं हात पुढं केला. मुन्शीजीनं तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. काकूनं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे आणून दिले. माझी डाळ चुलीवर करपली होती.

पुढचे आठ दिवस मी स्वतःला समजावत होते की काका काही परके नाहीत. सकाळी मोटेचा आवाज यायचा, विहिरीवरून काकांचं बैलांशी बोलणं यायचं, लांबून बाबांच्या रेल्वेच्या छोट्या गाडीची शिटी यायची आणि अव्वा हातातलं काम थांबवून ती संपेपर्यंत ऐकायची. आमचं जेवण काकूच्या चुलीवर होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, सोमवारी गुळवणी. काकू वाईट वाढायची नाही. पण भाकरी थापता थापता ती एक दिवस शेजारणीला म्हणाली, "मळ्यातल्या खोल्यांस्नी पत्रं घालायची हायेत. आमच्या थोरल्याचं लगीन झालं की तो तितंच ऱ्हाईल. ह्या दोघी काय, हितं पडल्या तर पडल्या. माझ्या हाताखाली व्हत्यात."

मी पाठमोरी होते. पाणी भरत होते. काकूला मी दिसत होते. म्हणजे तिला माझ्या ऐकण्याची काही पर्वा नव्हती. माझ्यासारखी मुलगी ऐकते आणि काही बोलत नाही, हे त्या घराला एव्हाना चांगलं माहीत झालं होतं.

मी अव्वाला सांगितलं. एवढंच सांगितलं, की काकू असं म्हणाल्या. कागदाचं माझ्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी अव्वानं काकांना सरळ विचारलं. ती भित्री बाई नव्हती. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "वैनी, तुमचा इस्वास न्हाय ना? चला रामलिंगाला. सोमवारी बेल उचलतो."

आमच्याकडं बेल उचलणं म्हणजे शेवट. महादेवाच्या पिंडीवरचं बेलपान हातात घेऊन माणूस जे बोलतो, त्यावर पुन्हा प्रश्न नाही. भावाभावांची भांडणं, बांधाचे तंटे, सगळं तिथं मिटायचं. आणि अव्वा तर रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. सोमवारी आम्ही बैलगाडीनं येडशीला गेलो, तिथून रानातून खाली रामलिंगाला. माकडं गाडीच्या मागंमागं आली. देवळात गार होतं, ओल्या दगडाचा आणि बेलाचा वास होता. काकांनी आंघोळ केली, ओल्या धोतरानं पिंडीपुढं उभे राहिले, बेल उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "मळा वैनीचा हाय. त्यात माझा काडीचा सुदिक हक्क न्हाय."

ते एकही शब्द अडखळले नाहीत. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना तिनं गाडीत काकांना शिदोरीतले धपाटे आपल्या हातानं वाढले. आणि शंका घेऊन आलेल्या मलाच अपराध्यासारखं वाटलं. मी आज जेव्हा जेव्हा तो प्रसंग आठवते तेव्हा मला त्या देवळातली शांतता आठवते आणि संताप येतो. देवाच्या पुढ्यात खोटं बोलले म्हणून काकांचा येतो. आणि त्याहून जास्त त्या पद्धतीचा येतो. बेल उचलणाऱ्याला काही पुरावा द्यावा लागत नाही. समोरच्याला मात्र त्यानंतर तोंड उघडायची चोरी. बाईला तर दुप्पट.

चार दिवसांनी काका म्हणाले, कागदाची रजिस्ट्री करायची आहे, वैनीला एकदा उस्मानाबादला यावं लागेल, अर्ध्या घटकेचं काम आहे. मीही बरोबर गेले. गाडीनं पोचायला दिवस गेला. काकांच्या ओळखीच्या एका तेल्याच्या घरी आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका कचेरीत नंबर बघायला गेले. काम उद्यावर गेल्याचा निरोप त्यांनी पाठवला. अव्वा तेलिणीबरोबर देवीच्या देवळाला गेली. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले, आणि त्या दोघी गल्लीच्या वळणाआड गेल्या तशी बाहेर पडले.

कुठल्या वकिलाचं घर मला माहीत होतं असं नाही. पण येताना गाडीतून एका वकिलाची पाटी दिसली होती. वर उर्दू, खाली इंग्रजी. सबंध गावात मला वाचता आलेली ती एकच पाटी. नाव वाचलं आणि आठवलं, हे गृहस्थ येडशीला गाडीची वाट बघत बाबांच्या खोलीत बसायचे. माझ्याशी एकदा इंग्रजीत बोलले होते आणि मी पळून गेले होते.

अंगणात लुंगी आणि बनियन घातलेला एक म्हातारा बाजेची सैल झालेली दोरी आवळत होता. मला वाटलं गडी आहे. मी वकीलसाहेबांना विचारलं. "मीच," तो म्हणाला. "वकील बाज विणत नाही असं कुठं लिहिलंय? कोणाची तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. ते थांबले. "मालबाबूची लेक? अल्ला. कळलं मला ते गेले ते. भला आदमी." मग दोरीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे धर घट्ट. मी ओढतो. बोल."

ही युक्ती त्यांनी मुद्दाम केली की सहज, मला माहीत नाही. पण हात गुंतले होते, नजर दोरीवर होती, आणि माझं तोंड उघडलं. मी मळ्याचं सांगितलं, अंगठ्याचं, बेलाचं, काकूच्या बोलण्याचं, उद्याच्या रजिस्ट्रीचं.

"कागदाची नक्कल?"

"नाही."

"कागदावरचा इस्टाम, सरकारी स्टँप, केवढ्याचा होता?"

"माहीत नाही."

"आत काय लिहिलंय?"

"माहीत नाही."

"मग कोणी वाचलं की नाही?"

मी दोरीचा पीळ घट्ट करत राहिले.  ते म्हणाले, "तुझ्या हाती दिला होता?"

"हो."

"उर्दू येतं?"

"नाही."

त्यांनी हातातली दोरी सोडून दिली. बाज पुन्हा सैल पडली. मला वाटलं, आता हे हाकलून देणार. ते ओरडलेच, पण नुसतं माझ्यावर नव्हे. "तीस साल झाली मला या धंद्यात! रोज कोणीतरी येतं. अंगठा देऊन येतात आणि म्हणतात, साहेब, अंगठा परत काढून द्या. अरे, तो काय पायातला काटा आहे? आधी का नाही येत? तर म्हणे वकील भांडण लागल्यावर लागतो. वकिलाच्या दारात गेलं की घर फुटतं. घर कधी फुटतं मालूम आहे? एकाला कागदात काय आहे ते कळत असतं, दुसऱ्याला कळत नसतं, तेव्हा ते फुटलेलंच असतं. आवाज मागाहून येतो."

मग त्यांनी घाम पुसला, बाजेवर बसले आणि मला समोरच्या पायरीवर बसवलं. पुढचं सगळं त्यांनी अगदी हळू, शाळेत शिकवावं तसं सांगितलं. सारा भरायला कुणाचं नाव लावायची गरज नसते. कुणीही कुणाचा सारा भरतो, पावती मालकाच्या नावानं होते. तेव्हा कागद तेवढ्यासाठी नाही. कागद हक्क सोडल्याचा असणार, त्याला कचेरीत दस्तबरदारी म्हणतात. त्यावर अंगठा झाला तरी रजिस्ट्री होईपर्यंत तो कच्चा. रजिस्ट्रार उद्या अव्वाला तीन गोष्टी विचारील. अंगठा तुमचा का, कागद समजला का, आपखुशीनं दिला का. "तीन वेळा हो म्हटलं की संपलं. मग माझ्याकडं या. मी दहा साल खटला चालवीन, तुम्ही दहा साल चपला झिजवाल, आणि मी तोंडावर सांगतो, मी हरेन."

"मग तुम्ही उद्या याल?" मी विचारलं.

"कोणाचा वकील म्हणून? मालकीण तुझी आई. वकालतनाम्यावर तिचा अंगठा मलाही लागतो. फरक एवढाच, मी तो घेण्याआधी तिला वाचून दाखवीन, तिच्या बोलीत, आणि तिच्या मर्जीचं माणूस बाजूला बसवीन." त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली. "तिला सांग. एवढंच सांग, की ज्या कागदातलं आपल्याला कळत नाही आणि दुसऱ्याला मात्र त्याची घाई झालेली आहे, त्या कागदाला वकील लागतो. दुसरा सख्खा भाऊ असला तरी लागतो. सख्खा असला तर जास्तच लागतो, कारण त्याला आपण विचारायला लाजतो. मी कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली बसलेला असतो. कोणी बोलावलं तर आत येईन. न बोलावता येणार नाही."

नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ वकील पाहिले. तारीख वाढवून वाढवून दोन पिढ्या खाणारे पाहिले, पक्षकाराला अंधारात ठेवून समोरच्याशी चहा पिणारे पाहिले. वकिलाला डोक्यावर घेऊन नाचावं असं मला कधी वाटलं नाही. पण आजही कुणी बाई माझ्याकडं येऊन म्हणते, भावानं सही मागितलीय, साधा कागद आहे, घरातलंच आहे, तेव्हा मी त्या म्हाताऱ्याचं ते बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवते. साधा कागद असेल तर वकिलाला दाखवायला भाऊ का भितो, हे विचारते. बाई हसते. पुष्कळदा सही करून टाकते. मला राग येतो. या वयात माणसं शांत होतात म्हणे. मी झाले नाही.

संध्याकाळच्या आधी अव्वा देवळातून आली. कपाळाला भस्म, ओटीत खोबऱ्याचा तुकडा. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं की उद्या वकील करू.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शिवी दिली. "त्यांनी बेल उचललाय गिरजा."

"बेल कचेरीत चालत नाही अव्वा."

"कचेरीत न्हाय, देवाघरी चालतो. देवावर वकील बसवू का मी? आणि उद्या ते म्हणतील, मोठ्या भावाची बायको दिरावर वकील घेऊन आली. कुठल्या तोंडानं त्यांच्या घरात भाकरी खायची? आणि खायची ती तिथंच हाय ना अजून?"

"अव्वा, कागदात काही वेगळं असलं तर?"

"वेगळं कसं असंल?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "तू वाचलास की."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात काका आत आले, धोतराचा सोगा खांद्यावर टाकत, खुशीत. "काय मायलेकींची खलबतं? वैनी, उद्या पयला नंबर आपलाच. दुपारच्याला गावाकडं निघू. गिरजे, तुला बांगड्या घ्यायच्या का बाजारात? काय मडम, गप का?"

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला मी पुढं पुष्कळ नावं दिली. लाज म्हटलं, संस्कार म्हटलं, वय म्हटलं. खरं सांगायचं तर मला माझी शिकलेपणाची टोपी डोक्यावरून खाली येऊ द्यायची नव्हती. अव्वाचा मळा गेला तरी चालेल, पण तिच्या नजरेतला तो अभिमान जाऊ नये, असा तो हिशेब होता. इतका हलकट हिशेब काकांनीही केला नसेल. त्यांना निदान जमीन पाहिजे होती.

सकाळी कचेरीत गेलो. आवारात लिंबाखाली चार-पाच माणसं बसली होती. त्यांत वकीलसाहेब होते. शेरवानी, रुमी टोपी. कालचा बाज विणणारा म्हातारा तोच, हे ओळखूही आलं नसतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कागदात डोकं घातलं. बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाले होते. तसेच बसून राहिले.

रजिस्ट्रारसाहेबांच्या खोलीत शाईचा आणि जुन्या कागदांच्या बस्त्यांचा वास होता. अव्वा दाराशी पदर पुढं ओढून उभी राहिली, मी तिच्या मागं. काका आणि मुन्शीजी टेबलापाशी. एका कारकुनानं कागद हातात घेतला आणि उर्दूत तेलाची धार सोडावी तसा भराभरा वाचला. मध्ये कुठं तरी मला अव्वाचं नाव ऐकू आलं, मग काकांचं नाव, मग तेरचं. बाकी नुसता आवाज. तो कागद, ज्यात आमचं राहायचं घर होतं, माझ्या आईच्या कानांवरून वाऱ्यासारखा निघून गेला, आणि खोलीतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग कारकून मराठीत म्हणाला, "बाई, अंगठा तुमचाच?"

"व्हय," अव्वा म्हणाली.

"कागद ऐकला? समजला?"

अव्वानं पदर सावरला. "मला अक्षर न्हाय येत. माझ्या लेकीनं वाचलाय."

रजिस्ट्रारसाहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. वयस्कर, चष्मा लावलेले, सभ्य दिसणारे. कारकुनानं त्यांना उर्दूत काही सांगितलं. काका पुढं होऊन म्हणाले, "सोलापूरला इंग्रजी शाळेत शिकलीया साहेब. लई हुशार. तिनंच समद्यांच्या म्होरं वाचला." मुन्शीजी खिडकीबाहेर बघत होता. साहेब माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "शाबास बेटी."

आणि त्यांनी कलम दौतीत बुडवलं.

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा असा, की भीती त्याच्यात जळून गेली. त्या हसण्याचा आला, मुन्शीच्या खिडकीबाहेर बघण्याचा आला, काकांच्या ओल्या धोतराचा आणि देवळातल्या त्या न अडखळणाऱ्या आवाजाचा आला, बोलावल्याशिवाय न उठणाऱ्या लिंबाखालच्या माणसाचासुद्धा आला. अव्वा पदराच्या आत ताठ उभी होती. तिला लेकीचं शाबास मिळालं होतं. तिचा हात मी मागून घट्ट धरला.  कारकून म्हणाला, "आता शेवटचं, बाई. आपखुशीनं—"

मी अव्वाच्या पुढं झाले. माझा आवाज इतका मोठा आला की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं वळली.

"थांबा साहेब. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. मी हा कागद वाचलेला नाही, वाचल्यासारखं केलं. यात काय आहे ते माझ्या आईला कुणीच सांगितलेलं नाही, काकांनी नाही, या मुन्शीजींनी नाही आणि मीही नाही. बाहेर लिंबाखाली आमचे वकील बसले आहेत. त्यांना आत बोलवा. ते येऊन वाचून दाखवीपर्यंत माझी आई हो म्हणणार नाही."